मक्यासाठी नांगरटी, वखर की बिननांगरटी? आपापल्या वावरातले अनुभव लिहा

मक्यापासून इथेनॉल बनू लागल्यानं मक्याची मागणी वाढली, २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये ठरला. आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरकडे दोन-चार एकरवालेही पऱ्हाटीतला (कपाशीतला) तुकडा मक्याला देऊ लागलेत. मशागत किती करायची, यावर मात्र एकमत नाही. जमीन कोणती, पाणी कसं निघतं, तण कसं आवरलं, हे धरून लिहा. नुसतं ‘चांगलं पिकलं’ वाचून कोणाला पेरता येत नाही.

काटोल, भारी काळी जमीन
उन्हाळ्यात पलटी नांगर, मग वखराच्या (माती वरवर हलवणाऱ्या औताच्या) पाळ्या. नांगरटी मी सोडणार नाही, कारण लष्करी अळी. तिचे कोष मातीच्या वरच्या थरात असतात. नांगरल्यावर ते उन्हात पडतात, पाखरं वेचतात. रोटावेटर मात्र बंद केला. माती पिठासारखी होते, जोराचा पाऊस आला की थापली जाते आणि कोंब खालीच अडकतो.

मौदा, धानाची बांधी (बांध घातलेलं भाताचं वावर)
चिखलणी झालेली बांधी धानानंतर नांगरली की ढेकळंच निघतात. ती फोडेपर्यंत डिझेल जळतं, ओल उडते. म्हणून आम्ही नांगरतच नाही. धान जमिनीलगत कापायचं आणि ओल आहे तोवर दोरी धरून ६० बाय २० सेंमीवर दाणे टोबायचे. टोबायला बाया लागतात, पण पेरा लवकर आटोपतो. खरी कसोटी तणाची. उगवणीआधी ओलीवर अॅट्राझीन हे तणनाशक मारतो. तरी सांडलेलं धान उगवतंच, ते खुरप्यानंच काढावं लागतं. आणि युरिया धसकटांवर फेकू नका, हवेत उडून जातो. ओळीच्या बाजूला मातीत द्या.

भिवापूर, हलकी जमीन, एक बैलजोडी
मौद्याच्या दादांचं पटलं, पण आमच्या मक्यात तूर असते आणि अॅट्राझीननं तूर मरते. त्यामुळे वखरून पेरायचं, मग ओळींमधलं तण काढायला डवरे. शेवटच्या डवरणीला बुडाशी माती लागते, मका लोळत नाही. घरची बैलं असतील तर हेच परवडतं.

कळमेश्वर
रुंद वरंबा-सरी. लहान मक्याला साचलेलं पाणी सोसत नाही, पिवळा पडून खुंटतो. सऱ्यांतून पाणी निघून जातं. आता तेच वरंबे न मोडता त्यावरच हरभरा टोबतोय.

काटोलचे भाऊ, धसकटं जागेवर ठेवून अळी कशी राहते, हे कोणी एकाच वावरात अर्धं नांगरून, अर्धं न नांगरता पाहिलंय का? पाहिलं असेल तर सविस्तर लिहा.