रॉकेट स्लाइम: रणगाड्याच्या लढाईत पोरीसमोर रोज हरतोय, आणि त्यातले इंग्लिश विनोद तिला मराठीत सांगू कसे?

सिडकोचा_बाप

नमस्कार मंडळी. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर मेव्हण्याचं जुनं निन्टेंडो डीएस लाइट, ते हातात धरून खेळायचं दोन स्क्रीनचं गेमचं यंत्र, सापडलं. २००७ ला तो अमेरिकेहून आला तेव्हा घेऊन आलेला, मग त्याचं लग्न झालं आणि डबा आमच्याकडेच राहिला. आत एकच कार्ट्रिज, ड्रॅगन क्वेस्ट हीरोज: रॉकेट स्लाइम. ड्रॅगन क्वेस्ट ही जपानी गेमची मालिका मी कधी खेळलेलो नाही, आमचं लहानपण म्हणजे टीव्हीला जोडायचा तो डुप्लिकेट व्हिडिओगेम आणि '९९ गेम एकात' वाली कॅसेट, ज्यात खरे गेम चार आणि बाकी त्यांचीच पिलावळ. त्यामुळे म्हटलं ड्रॅगन म्हणजे तलवारी, मंत्र, तासभर वाचत बसा असलं काहीतरी जड असणार, पण चालू केलं तर हिरो म्हणजे एक निळा हसरा गोळा, टोक वर काढलेला. माझी मुलगी बघता क्षणी म्हणाली, बाबा, निळा मोदक!

तर आता मोदक तिचा झालाय. ती चौथीत, मराठी माध्यम, इंग्लिश हळूहळू वाचते. जंगलात हिंडायचं, वस्तू डोक्यावर गोळा करायच्या, पकडलेले स्लाइम, म्हणजे मोदकाचे भाऊबंद, सोडवून गावाला पाठवायचे हे सगळं ती करते, रणगाड्याची लढाई आली की यंत्र माझ्या हातात देते आणि खांद्यावरून बघत बसते. आणि मी हरतो. रोज. काल तिने आईला सांगितलं की बाबांना गाडी चालवता येते पण रणगाडा नाही.

दुसरा त्रास असा की त्यात प्रत्येक नावात कोटी आहे, मी हसतो, ती विचारते काय झालं, आणि समजावून सांगेपर्यंत विनोद थंड भजी झालेला असतो. आणि मूळ ड्रॅगन क्वेस्ट माहीत नसेल तर काही अडतं का, तेही सांगा.

रहाडवाला

शेवटचं आधी सांगतो, काही अडत नाही. गोष्ट एवढीच की बॉइंगबर्ग नावाचं स्लाइमांचं गाव, त्यावर प्लॅटिपंक लोक हल्ला करतात, १०० गावकरी उचलून नेतात आणि आपला रॉकेट, म्हणजे तुमचा मोदक, एकेकाला शोधून परत आणतो. लेव्हल नाही, अनुभवाचे पॉइंट मोजायचे नाहीत. जेवढे लोक परत येतील तेवढं गाव पुन्हा उभं राहतं, पोरांना हेच आवडतं, कारण केलेलं काम डोळ्यासमोर दिसतं.

आणि तो जो ताणून सोडायचा प्रकार आहे ना, बटण दाबून धरलं की रॉकेट लांब ताणला जातो आणि सोडलं की सुटतो धाडकन, तो मला तरी आपल्या रंगपंचमीची आठवण करून देतो. नाशिकच्या तिवंध्याच्या रहाडीत, त्या रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा मारायच्या आधी काठावर उभं राहून आपण जसं अंग मागे घेतो ना, अगदी तसं. सगळा गेम याच एका धप्प्यावर उभा आहे. समोर दगड असो, शत्रू असो, धडक दिली की वर उडतो, खाली आला की डोक्यावर झेला, एकावर एक तीन मावतात, मग गाडीवर टाका आणि गावाला पाठवा. अहो शत्रूलासुद्धा असंच उचलून पार्सल करता येतं.

आता रणगाडा. तुम्ही नुसते गोळे भरत सुटत असणार, मीही तसंच करायचो. वरच्या स्क्रीनवर दोन रणगाडे समोरासमोर दिसतात, खालच्या स्क्रीनवर तुम्ही रणगाड्याच्या पोटात पळत असता, आणि माणूस खालीच बघत राहतो कारण तिथे काम दिसतं. पण खरी लढाई वर चाललेली असते. तुमचा गोळा आणि त्यांचा गोळा हवेत एकमेकांवर आदळला की दोन्ही वाया. तोफा दोन आहेत, एक वरच्या अंगाने मारते, दुसरी सरळ. तेव्हा त्यांचं काय येतंय ते बघा, तोच रस्ता धरून हलकं काहीतरी सोडून ते अडवा, आणि जड माल दुसऱ्या तोफेतून घाला. हातात आलं ते भरलं असं करू नका. स्वयंपाकघरात दोन शेगड्या असतात तर एकीवर दूध ठेवून दुसरीकडे भाकरी करतो ना, तशी नजर पाहिजे.

शालिमारचा_सोल्डर

गेमचं नंतर बघू आधी हे वाचा, चार्जर कुठला वापरताय???

मेव्हण्याने अमेरिकेहून आणलेला मूळ चार्जर असेल तर त्यावर इनपुट १२० व्होल्ट लिहिलेलं असेल, आपल्याकडे २३० येतात, नुसती पिन बदलणारा अडॅप्टर लावून भिंतीत खुपसला तर चार्जर मेलाच. माझ्याकडे अशी तीन आली होती, त्यातल्या एकाने मेलेला चार्जर पिशवीत घालून आणलेला आणि विचारतो रिपेअर होईल का. डीएस लाइटसाठी यूएसबीची केबल मिळते, मोबाइलच्या साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला लावा, झालं. फक्त लाइटचीच मागा, डीएसआय ची पिन वेगळी, पहिल्या डीएस ची वेगळी.

आणि मागे बॅटरीचं झाकण एका स्क्रूवर आहे, काढून बघा, बॅटरी फुगली असेल तर वापरू नका. इतकी वर्षं माळ्यावर नाशिकच्या उन्हाळ्यात होती ती. बिजागरीला चीर गेलीये का तेही बघा, लाइट तिथेच मोडतं. सेव्हची, म्हणजे गेम कुठवर खेळला त्या नोंदीची, काळजी नको, डीएसच्या कार्ट्रिजमध्ये सेव्हसाठी सेल नसतो, त्यामुळे मेव्हण्याचा जुना सेव्ह अजून शाबूत असेल तर नवल नाही.

सिडकोचा_बाप

सोल्डरभाऊ, देवासारखे आलात. तोच चार्जर होता. लावला नव्हता कारण पिन चपटी म्हणून भिंतीत गेलीच नाही, मी मेव्हण्याची दुसरी कुठली केबल लावून काम भागवत होतो. बॅटरी सपाट आहे, बघितली.

आणि हो, मेव्हण्याचा सेव्ह होता. होता म्हणजे, पोरीने नवीन गेम सुरू करताना त्याच्यावरच केला.

सातपूर_नाइट_शिफ्ट

मेव्हण्यासाठी दोन मिनिटं शांतता.

मी जरा वेगळं बोलतो, राग नको. सगळे कौतुक करतायत म्हणून सांगतो, गेम फार सोपा आहे. मी तीन रात्री ब्रेकमध्ये खेळून संपवला, गोष्टीचा भाग ८-१० तासांच्या वर जात नाही, आणि मधल्या जागा सगळ्या एकाच साच्यातल्या, हिंडा, आपटा, डोक्यावर घ्या, पाठवा. ज्याने मूळ ड्रॅगन क्वेस्ट खेळलंय, जिथे एका गुहेत शिरायच्या आधी औषधं मोजून घ्यायला लागतात, त्याला हे शेंगदाणे खाल्ल्यासारखं वाटतं. खाताना थांबवत नाही पण पोट भरत नाही.

तरी मूळ मालिका माहीत असेल तर एक मजा आहे ती सांगतो. पहिलं ड्रॅगन क्वेस्ट जपानात १९८६ ला आलं, त्यात गावाबाहेर पहिलं पाऊल टाकलं की जो भेटतो तो हा स्लाइम. ताकद ३, मारला की अनुभव १. म्हणजे सगळ्यात फालतू शत्रू, हिरोच्या पायाखाली येणारा. मालिकेचा निर्माता युजी होरी, त्याने कागदावर चिखलाच्या ढिगासारखं काहीतरी काढून दिलं आणि अकिरा तोरियामाने, तोच ड्रॅगन बॉलवाला, त्याचा थेंब केला आणि त्याला हसू दिलं. बस, तेवढ्यावर तो मालिकेचा चेहरा झाला. रॉकेट स्लाइममध्ये त्याच फालतूला हिरो केलंय, हा माझ्या मते यातला सगळ्यात मोठा विनोद, आणि तो कुठल्याही भाषेत सांगता येतो.

हा खरंतर दुसरा भाग आहे. पहिला गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर २००३ ला आला, त्यात रणगाडे नव्हतेच. हा जपानात २००५ च्या डिसेंबरात आणि अमेरिकेत २००६ ला आला. तिसरा थ्रीडीएसवर २०११ ला, त्यात रणगाड्यांच्या जागी जहाजं. पहिला आणि तिसरा जपानच्या बाहेर आलेच नाहीत, म्हणून इंग्लिशमध्ये मधला एकच हाताला लागतो आणि लोकांना वाटतं हा एकटाच आहे.

रहाडवाला

शेंगदाण्यांनी पोट भरत नाही म्हणणारा माणूस तीन रात्रीत अख्खी पुडी संपवतो, हे लक्षात ठेवा मंडळी.

सोपा आहे हे मान्य. पण सोपा गेम करायला सोपा नसतो राव. चौथीतली मुलगी आणि तिचा बाप दोघं एकच यंत्र धरून बसलेत, हे किती गेमना जमतं?

देवळालीची_ताई

सिडकोच्या दादा, विनोदांचं मी बघते. मी शाळेत इंग्लिश शिकवते आणि माझा मुलगा हा गेम खेळायचा तेव्हा मी याच चक्रातून गेलेय. समजावून सांगायचंच नाही, नाव बदलून टाकायचं. आमच्या घरात बॉइंगबर्गचं टुणटुणगाव झालेलं. प्लॅटिपंक म्हणजे प्लॅटिपस अधिक पंक, पण प्लॅटिपस, तो बदकासारख्या चोचीचा प्राणी, आपल्या पोरांनी पाहिलाय कुठे, म्हणून आम्ही टपोरबदक म्हणायचो आणि त्यांची टोळी ती 'प्लॉब', म्हणजे इंग्लिशमधला मॉब, तिचं केलं बटोळी. पुढे कॉलमाय ब्लफ नावाची जागा येईल, इंग्लिशमध्ये ब्लफ म्हणजे थापही आणि डोंगराचा कडाही, ते मराठीत फार सुंदर बसतं, थापकडा! टूटिनश्लायमनच्या थडग्यावर मात्र मी दोन दिवस अडले होते, इजिप्तचा राजा तूतनखामन मुलाला माहीत होता म्हणून शेवटी तूतनचिकटमन केलं, फार काही जमलं नाही पण तो जमिनीवर लोळून हसला.

आणि तुमच्या रणगाड्याचं नाव श्लायमन टँक, ती कोटी शर्मन टँकवर आहे. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकेचा रणगाडा, आपल्या लष्करानेसुद्धा १९६५ च्या युद्धात वापरलेला. मुलीला सांगा, गोष्टीत खरा इतिहास पण शिरला. आमच्याकडे देवळालीत तोफखान्याची शाळा असल्यामुळे आवाजाची सवय आहेच, माझा मुलगा लहानपणी म्हणायचा की आई, बाहेर पण श्लायमन चाललाय.

सातपूर_नाइट_शिफ्ट

ताई थापकडा जबरदस्त 😂

एक राहिलं, रणगाड्याच्या कामात मदत करणारा तो बदक डक्टर सिड. फायनल फँटसी या दुसऱ्या जपानी गेममालिकेत सिड नावाचा कोणीतरी जवळपास प्रत्येक भागात असतो, बऱ्याचदा विमानं आणि यंत्रं बघणारा. फायनल फँटसी स्क्वेअरचं, ड्रॅगन क्वेस्ट एनिक्सचं, वर्षानुवर्षं एकमेकांच्या समोर उभे असलेले, आणि २००३ ला दोघांची एकच कंपनी झाली. म्हणजे लग्न झाल्यावर सासरच्या माणसाची कशी हळूच चेष्टा करतात तसं आहे ते.

देवळालीची_ताई

मग त्याचं मराठी नाव वैद्यबदक. पण सिडचं तुम्हीच बघा, मला नाही जमत. आणि हो, देवळाली म्हटल्यावर रणगाडे बघायला येऊ नका कोणी, आमच्याकडे तोफा. रणगाड्यांचं म्युझियम नगरला आहे, सुट्टीत मुलीला नक्की न्या.

रहाडवाला

दादा, लढाईचं एक राहिलं. रणगाड्यात तुम्ही एकटे नसता, सोबतीला तिघांना घेता येतं. नुसतं दिसायला गोड म्हणून घेऊ नका, एकाचा स्वभाव गोळे आणून देण्याचा असतो, एकाचा शत्रूच्या रणगाड्यात घुसून त्रास देण्याचा. एक तरी घुसणारा ठेवाच. तिकडे त्यांचा माणूस गोंधळला की इकडे पाच-सात सेकंद आकाश मोकळं मिळतं, तेव्हा जड माल सोडायचा. आणि त्यांची ताकद शून्यावर आणली म्हणजे जिंकलो असं समजून पाणी प्यायला उठू नका, आत जाऊन इंजिन फोडावं लागतं तेव्हा संपतं. माझा एक मित्र उठला होता.

सिडकोचा_बाप

आठ दिवसांनी लिहितोय, सॉरी, यंत्र हातात येत नव्हतं.

रविवारी सकाळी मिसळ खाऊन आलो आणि बसलो, दोन्ही शेगड्यांवर नजर ठेवून. खरंच फरक पडला, वर बघायला लागल्यापासून निम्मे गोळे हवेतच अडवतोय. जिंकत आलेलो, त्यांची ताकद अगदी थोडी राहिली, आणि माझ्याकडचे गोळे संपले. पुढचे येईपर्यंत त्यांचं सगळं अंगावर. मी म्हटलं गेलं, आणि पोरगी म्हणते बाबा, मोदकच भरा ना तोफेत. मी म्हटलं असं नसतं गं. तिने यंत्र हिसकावून घेतलं, रॉकेटलाच तोफेत घातला आणि सोडला, तो गेला उडत समोरच्या रणगाड्यात आणि तिथलेच गोळे उचलून फेकायला लागला. असं करता येतं हे तुम्ही कोणी मला सांगितलं नव्हतं!! जिंकली ती. इंजिनपण तिनेच फोडलं. मला फक्त वरच्या स्क्रीनवर काय येतंय ते ओरडून सांगायचं काम दिलेलं.

तेव्हापासून लढाई पण तिची. ताई, टुणटुणगाव आणि बटोळी घरात रुळलंय, काल बायको भाजीवाल्याला म्हणाली थापकड्याचे भाव सांगू नका.

आणि मेव्हण्याचा फोन आलेला, त्याला कोणीतरी सांगितलं डबा सापडला म्हणून. म्हणतो पाठवून दे, माझा ८७ स्लाइमांचा सेव्ह आहे त्यात. मी सांगितलंय की चार्जर १२० चा असल्यामुळे चालू करून बघितलं नाही. सध्या तरी.