दाराचा रंग निघून पत्रा दिसून राहिला, घरी करता येईल काय?

कास्तकार_केळापूर
नमस्कार मंडळी. माझी २०१४ ची पांढरी वॅगन-आर आहे. पांदणीत समोरून शेणखताची बंडी आली, बाजूला घ्यायला जागा नव्हती, बंडीची उभारी मागच्या डाव्या दाराला घासत गेली. पोचा नाही पडला, पण तळहाताएवढा रंग निघाला. मधात पत्रा दिसून राहिला आणि आता दोन ठिकाणी तांबूस ठिपके आले. तालुक्याचा पेंटर म्हणते पूर्ण दार मारावं लागेल. पेरणी तोंडावर आहे, बियाण्याखताचे पैसे गाडीत घालायची इच्छा नाही. स्प्रेचा डब्बा आणून मीच मारला तर जमेल काय? गाडी वडिलांनी घेतलेली आहे, म्हणून जिवाला लागून राहिलं.

नागपुरी_चाकं
नख फिरवून पाहा. नख अडकत नसेल तर ओरखडा वरच्या क्लिअरमध्येच (रंगावरच्या पारदर्शक थरात) असतो, कंपाउंडनं, म्हणजे घासून चमक आणायच्या पेस्टनं निघतो. तुमचा तर पत्राच दिसतो, तिथं कंपाउंडचं काम नाही. टूथपेस्टच्या व्हिडिओंच्या नादी लागू नका.

आर्वीच्या_मॅडम
पांढऱ्यावर जमेल, दादा. माझी गाडी चंदेरी मेटॅलिक आहे. कोड जुळवून रंग आणला तरी बाजूनं पाहिलं की ठिगळ दिसतं. मेटॅलिकमधले कण फवारा कसा पडला त्यावर बसतात, हातच्या डब्यानं ते सारखे बसत नाहीत.

वणीचा_पेंटर
भाऊ, जमते. पण सगळे रंगाचंच विचारतात, अन् खरं काम रंगाच्या आधीचं आहे. ते तांबूस ठिपके पाऊस लागायच्या आधी काढा. त्यांच्यावर रंग मारला तर गंज खालून चालत राहते अन् पोळ्यापर्यंत फोड येतात. डिक्कीत पोटॅशची पोती नेत असाल तर आणखी लवकर, कारण ते मीठच आहे.

आधी रंगाचा कोड पाहा. गाडीवर छोटी पत्र्याची पट्टी असते, कुठं बोनेटखाली तर कुठं दाराच्या खांबावर. मारुतीचा सुपीरियर व्हाईट असेल तर कोड २६यू. नुसता "पांढरा द्या" म्हणू नका, पांढऱ्यातही पिवळट-निळसर फरक असते.

दार शाम्पूनं धुवा, पूर्ण वाळू द्या. उघड्या पत्र्यावरचा गंज ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं कोरडाच घासा. तिथं पाणी लावलं तर डोळ्यादेखत परत तांबूस होते. पत्रा चकचकीत दिसेपर्यंत सोडू नका, खड्ड्यातला काळा ठिपकाही गंजच आहे.

मग काठ. पेपर जुन्या स्लीपरच्या तुकड्याला गुंडाळा, नुसत्या बोटांनी घासलं तर नाल्या पडतात. जुना रंग जिथं तुटला तिथं पायरी असते, ती ४०० नं उतरवत न्या अन् ६०० नं मऊ करा. कारखान्याचा सगळा रंग मिळून जेमतेम १०० ते १५० मायक्रॉन असते, म्हणून दाबून घासू नका. आता डोळे मिटून बोटं फिरवा. काठ बोटाला लागला तर रंगाखालूनही दिसणार. इथं अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या, मी शिकाऊ पोराले आधी हेच शिकवतो.

खोल ओरखडा राहिला तर एनसी पुट्टीचा (बारीक खड्डे भरायच्या लुगदीचा) पातळ हात, पण प्रायमर झाल्यावर. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमरच मारा. साधा राखाडी प्रायमर पाणी पिते, तेवढ्यावर पावसाळा काढला तर सगळी मेहनत वाया. टेप लावताना तिचा काठ अर्धा उलटा दुमडा, म्हणजे रंगाची रेघ न पडता फवारा हळूहळू विरतो. प्रायमर वाळला की ८०० चा वॉटर पेपर, पुसणं, मग रंगाचे पातळ-पातळ हात. डब्बा दोन मिनिटं हलवा, २०-२५ सेंटीमीटर लांब धरा, हात सरळ चालवा. दोन हातांत दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. एकदमच झाकायला गेले की ओघळ येते. शेवटी क्लिअर, रंगापेक्षा थोडा बाहेरपर्यंत.

कास्तकार_केळापूर
भाऊ, इतकं नीट कोणी सांगत नाही. दोन गोष्टी विचारतो. आमच्याकडं ४४-४५ डिग्री चालू आहे, चालेल काय? आणि दुकानदार म्हणे हार्डनरवाला टू-के क्लिअर घ्या, पक्का असते.

वणीचा_पेंटर
दुपारी बिलकुल नाही. तापलेल्या पत्र्यावर फवारा पडायच्या आधीच वाळते अन् खरखरीत बसते. उजाडल्याबरोबर करा, दार गार असते, वाराही कमी असते. आंगणात आदल्या रात्री सडा टाकून ठेवा, धूळ दबते. पहिला दिवस गाडी सावलीत ठेवा, मग उन्हात खुशाल. झडीत करायला गेले तर हवेतल्या ओलाव्यानं क्लिअर पांढरट पडते, म्हणून आताच बरं.

टू-के पक्का असते हे खरं, पेट्रोल सांडलं तरी हलत नाही. पण त्याच्या हार्डनरमधे आयसोसायनेट असते, ते छातीले लागते. फवारणीले बांधतो तो दुपट्टा अशी वाफ अडवत नाही. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, फवारा हलका समजू नका. घरी साधा वन-के, म्हणजे बिना हार्डनरचा घ्या अन् उघड्यावरच मारा, लेकरं-जनावरं दूर ठेवून. तुमचा डाग दारावर आहे, पेट्रोलच्या झाकणाजवळ नाही, वन-के पुरते.

एखादा आठवडा जाऊ द्या, मग २००० चा पेपर पाण्यात भिजवून हलका हात अन् वरून कंपाउंड. आजूबाजूच्या जुन्या रंगालाही कंपाउंड मारजा, इतक्या वर्षांच्या उन्हानं तो मळकटला असेल, नवा तुकडा उठून दिसते तो त्याच्यामुळं. प्रायमरनंतर फोटो टाकजा, काठ पाहून सांगतो.