दिसतात ते सगळे तारे आपल्याच आकाशगंगेतले

एका दादानी विचारलंय की रात्री दिसणारे तारे वेगवेगळ्या आकाशगंगांतले असतात का, तर नाही हो, नुसत्या डोळ्यांनी सुटा दिसणारा एकूणएक तारा आपल्याच आकाशगंगेतला, तिच्यात असे निदान दहा हजार कोटी तारे आहेत आणि आपल्याला त्यातले जेमतेम काही हजार दिसतात. दुसरी आकाशगंगा बघायचीच असेल तर नोव्हेंबरात अमावास्येच्या आसपास खानापूरच्या पुढं जांबोटीकडं जा, बेळगावात लाईटमुळं काही दिसत नाही, तिकडं रात्री आठ-नऊला उत्तरेकडं वर देवयानी तारकासमूहात पुसट ढगासारखा ठिपका दिसतो बघा, थेट बघू नका, नजर जरा बाजूला ठेवली की मग उमटतो, तो प्रकाश 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला!

आणि तारे किती लांब आहेत ते कळावं म्हणून रायफलच्या गोळीचं उदाहरण सांगतो, बॅरेट एम82 सारखी 14 किलोची जड रायफल, तिची गोळी नळीतून सेकंदाला साधारण 850 मीटरनं सुटते, आवाजाच्या अडीच पट. वाटेत वेग अजिबात कमी झाला नाही असं धरलं तरी मित्र ताऱ्यापर्यंत, म्हणजे अल्फा सेंटॉरीपर्यंत जायला तिला 15 लाख वर्षं लागतील, प्रकाशाला सव्वाचार-साडेचार वर्षं. आणि हा शेजारी बरं का! मे महिन्यात रात्री दहा-अकराला दक्षिणेला क्षितिजाच्या थोडं वर बघा, आपल्याकडनं मस्त दिसतो, दिल्लीवाल्यांना तो नीट मिळत नाही.