वजन बघून कॅब रद्द करणं: चालकाचा हक्क की नुसता माज?

ताराबाईपार्क_कन्या: मावशीला उजळाईवाडी विमानतळावर जायचं होतं. ॲपवरनं छोटी हॅचबॅक आली. चालकानं काच खाली केली, मावशीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि "मोठी गाडी बोलवा, सस्पेन्शन बसतंय" म्हणून निघून गेला. वॉचमन, शेजारी, सगळ्यांसमोर. ॲपवर कारण काय टाकलं? "प्रवासी आला नाही."

२०२५ च्या जानेवारीत डेट्रॉइटमधल्या एका रॅपर बाईनं अशाच कारणावरनं 'लिफ्ट' (Lyft) या ॲप-टॅक्सी कंपनीवर दावा ठोकला. मिशिगनच्या १९७६ च्या नागरी हक्क कायद्यात वजनावरनं भेदभाव करायला थेट मनाई आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत लठ्ठपणा नाही. मग दाद मागायची कुठं?

स्टेअरिंगवाला: गाडी माझी, हप्ता माझा. डिकीत सीएनजीची टाकी हाय, मागची बाजू तिनंच दबलेली असते. स्पीडब्रेकरला बूड घासतंय. शॉकअबचं बिल ॲपवाला देतोय व्हय? वजनदार माणूस एकटा कधी येत न्हाई, संगं तिघं आन् चार बॅगा असत्यात.

ताराबाईपार्क_कन्या: मावशी एकटीच होती. एक बॅग.

गंगावेशकर: भावा, तालमीतली सव्वाशे किलोची पोरं दोघं-दोघं रिक्षात बसून खासबागला जातात. रिक्षावाला वर "बसा पैलवान" म्हणतो, पुढं फेट्याच्या गप्पा मारतो. तेव्हा शॉकअब आठवत नाही? पुरुषाचं वजन म्हणजे ताकद आणि बाईचं वजन म्हणजे ओझं, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय?

स्टेअरिंगवाला: पैलवानाला नाही म्हणून बघा एकदा तुम्ही. 😄

उद्यमनगर_गॅरेज: सस्पेन्शनची सबब सोडा. पाच सीटर गाडी पाच माणसं धरूनच पास झालेली असते. दीडशे किलोची बाई एकटी बसली तर ते दोन माणसांचंच ओझं. आरसीवर वजन छापलेलं असतं, वाचा की.

खरी अडचण सीटबेल्टची आहे, तिच्यावर कोणी बोलत नाही. मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे. २०२२ साली पालघरजवळ गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागेच बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. खालचा पट्टा पोटावरनं नाही, पोटाच्या खालून कमरेच्या हाडावरनं जायला पाहिजे, नाहीतर धडकेत तोच पट्टा पोटात रुततो. जाड माणसाचा पट्टा नेमका पोटावर चढतो, किंवा कुलूप चार बोटं लांब राहतं. मग लोक पाठीमागनं पट्टा घेऊन बसतात, ते तर आणखी वाईट. पुढची सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवा, जागा मिळते आणि एअरबॅगपासून अंतरही राहतं. तरीही बेल्ट लागत नसेल तर चालकानं नाही म्हणणं मला पटतं. पण लावून बघायच्या आधीच नाही?

महाद्वाररोड_७७: दोन-अडीचशेची क्लिप मिळते ऑनलाइन. विषय संपला.

उद्यमनगर_गॅरेज: ती बेल्टची पीं-पीं बंद करायची क्लिप. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ॲमेझॉन, फ्लिपकार्टसकट पाच कंपन्यांना ती विक्रीतनं काढायला लावली. बेल्ट लांब करायची जोडपट्टी वेगळी, आणि ती त्याच गाडीच्या कंपनीची पाहिजे. भलतीच जोडली तर धडकेत निसटते.

महाद्वाररोड_७७: बरं. पण विमानात जादा बॅगेचे पैसे भरतोच ना आपण? मोठी गाडी लागली तर मोठं भाडं द्यावं. भेदभाव कसला त्यात?

ताराबाईपार्क_कन्या: मावशी बॅग नाही हो. आणि सोय आधी सांगा ना! बुकिंग करतानाच ॲपवर दिसू दे, कुठल्या गाडीत पुढं पाय पसरायला जागा आहे, कुणाकडं जोडपट्टी आहे. दारात उभं करून न्याहाळू नका. मोटार वाहन कायद्याच्या १७८ व्या कलमात भाडं नाकारल्याबद्दल दंड आहे, तो ॲपच्या गाडीलाही लावा.

गंगावेशकर: मोठी गाडी लागली तर फरक कंपनीनं सोसावा. रद्द केल्यावर ग्राहकाकडनं दंड घेताना बरी तत्परता दाखवतात.

स्टेअरिंगवाला: कंपनी सोसणार? कापतील ते आमच्याच पैशातनं. ताईंच्या मावशीला वॉचमनसमोर तसं बोलायला नको हुतं, कबूल. पण जोडपट्टी घ्या म्हणताय, ती बी आम्हीच घ्यायची व्हय?