मदत हवी आहे: विश्वामित्री नदीतला गाळ हवा न लागता कसा आणू?
नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्यात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करतेय. विश्वामित्रीच्या गाळातले मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढवायचे आहेत. हे बॅक्टेरिया नव्हेत, आर्किया (एकपेशीय सूक्ष्मजीवांचा वेगळा गट). प्राणवायू लागला की यांचं काम थांबतं. म्हणून खालचा काळा, वास मारणारा थरच हवा. नदीत मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात उतरायचा प्रश्नच नाही (आणि त्यांना त्रासही द्यायचा नाही). पुलावरून गाळ काढायचं साधन कुणी वापरलंय का? बाटलीत नायट्रोजन भरून रबरी बूच पुरेल का? रेझाझुरिन (प्राणवायू शिरला की रंग बदलून दाखवणारं रसायन) गुलाबी झालं तर तो नमुना टाकूनच द्यावा का? शिवाय सल्फेट असेल तर सल्फेट वापरणारे जीवाणू हायड्रोजन आणि अ‍ॅसिटेट हे मिथेनवाल्यांचं खाद्य आधी पळवतात, मग मिथेन कमी निघतो. सल्फेट आधीच मोजून घेऊ का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.