फिरतीच्या विक्रीची इंटर्नशिप: कामातून काय कळलं ते नेमकं

दुकानोदुकानी फिरून ऑर्डर घ्यायची इंटर्नशिप मिळाली की हातात बीटची (म्हणजे ठरलेल्या फेरीतल्या दुकानांची) यादी आणि ऑर्डरचं ॲप येतं. बाकीचं सहसा कुणी बसवून शिकवत नाही. म्हणून हे लिहिलंय. किस्से नाहीत, नवख्याला उद्या सकाळी वापरता येईल असंच.

ऑर्डर घेणं

आत गेल्यावर नमस्कार करा, परवानगी विचारा आणि आधी साठा मोजा. फळीवरचा आणि आतल्या खोलीतलाही. आतला राहून गेला की पुढचा सगळा हिशेब चुकतो. मागच्या भेटीचा साठा अधिक मधे आलेला माल, उणे आजचा साठा, ही झाली विक्री. समजा १४ + १२ − ८ = १८. आठवड्याची भेट असेल तर विक्रीच्या दीडपट माल दुकानात असावा, म्हणजे २७. त्यातले ८ आहेत, १९ हवेत. पेटीत १२ नग येतात, मग एक पेटी की दोन? एक घेतली तर २० होतात, आठवड्याअखेर जेमतेम दोन उरतात; गाडीला उशीर झाला की फळी रिकामी. दोन घेतल्या तर ३२, म्हणजे पावणेदोन आठवड्यांचा माल. लांब मुदतीच्या वस्तूला दोन पेट्या बरोबर. चार-पाच दिवसांत खराब होणाऱ्या मालाला मात्र हा नियम लावूच नका.

मोजणी कंटाळवाणी वाटते. तरीही ती टाळू नका, कारण ‘गेल्या आठवड्यात १८ गेले’ म्हणणाऱ्याचं दुकानदार ऐकून घेतो. ‘किती पाठवू?’ विचारणाऱ्याला ‘आज नको’ हेच उत्तर मिळतं.

मोजताना जुन्या तारखेचा माल पुढे घ्या, नवा मागे. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मुदत संपल्याची बरीच भांडणं तिथेच मिटतात.

स्कीम आणि मार्जिन

‘१२ वर १ मोफत’ म्हणजे ८.३३ टक्के सूट नव्हे. दुकानदाराला १३ नग मिळतात, पैसे १२ चे जातात. सूट १/१३, म्हणजे सुमारे ७.७ टक्के. मार्जिनचंही, म्हणजे दुकानदाराच्या नफ्याचंही, तसंच. ८० ला घेतलेली वस्तू १०० ला विकली तर खरेदीवर २५ टक्के, विक्रीवर २०. समोरचा कशावर मोजतोय ते आधी विचारा, नाहीतर दोघंही बरोबर असून वाद होतो. स्कीमची शेवटची तारीख बिलाच्या दिवशी लागू होते की ऑर्डरच्या, हे वितरकाकडून लेखी घ्या. तोंडी शब्द देऊ नका.

ऑर्डर पक्की करताना

वाचून दाखवा: वस्तू, आकार, संख्या, स्कीम, माल येण्याचा दिवस. सगळ्यात महाग चूक नग आणि पेटी यांच्या गोंधळाची. ‘दहा’ लिहिलं आणि एकक पेटीचं राहिलं, की १२० नग दारात येतात आणि तसेच परत जातात. नेटवर्क नसेल तर ऑर्डर फोनमध्येच अडकते. बीट संपल्यावर ‘पाठवली’ असा शेरा प्रत्येक ऑर्डरसमोर तपासा.

उधारी

जुनं बिल आधी. थोडी रक्कम मिळाली तरी ती कोणत्या बिलापोटी, हे पावतीवर लिहा. पावतीपुस्तक नसेल तर रोख घेऊच नका. दुकानदार पैसे अडवतो तेव्हा बऱ्याचदा मागे परतीचा माल तुंबलेला असतो. तो विचारा; फोटो, बॅच क्रमांक, मुदत आणि बिल क्रमांक त्याच दिवशी कळवा. यातली एक गोष्ट राहिली तरी दावा लटकतो.

कार्यालयांत विक्री करणाऱ्यांसाठी थोडं

‘नंतर सांगतो’ यावर निघून येऊ नका. किंमत अडतेय, की निर्णय दुसऱ्याचा आहे, की वेळ नाही, ते विचारा आणि पुढची तारीख ठरवा. बाहेर पडताच तीन ओळी लिहा. दुसऱ्या भेटीनंतर पहिलीतलं विसरायला होतं.

अहवाल

४० दुकानांत गेलात आणि १८ बिलं झाली, तर ऑर्डर देणारी दुकानं ४५ टक्के. बिलांवर एकूण ७२ ओळी, म्हणजे दर बिलाला ४ वस्तू. हे दोन आकडे वेगळे ठेवा; पहिला कमी असेल तर दुकानं किंवा वेळ चुकतेय, दुसरा कमी असेल तर वस्तू दाखवल्याच जात नाहीयेत. ‘विक्री शून्य’ लिहिण्याआधी साठा बघा. माल असून गेला नाही आणि माल नव्हताच, हे दोन रकाने निराळे करा.