ड्रम दोनदा घासून धुतला, तरी बुळबुळीत थर परत येतोय

सोलापूरची गच्ची
नमस्कार मंडळी. गच्चीवर माझी छोटी एनएफटी आहे, म्हणजे मातीशिवाय, पाइपांतून खताचं पाणी (द्रावण) फिरवून भाजी वाढवायची सोय. चार इंची पांढऱ्या पाइपांच्या सहा ओळी, एकूण ७२ भोकं, खाली २०० लिटरचा निळा ड्रम आणि त्यात साधारण १४० लिटर द्रावण. लेट्यूस, पालक, बेसिल आणि थोडा पुदिना लावलाय. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत काहीही त्रास नव्हता, शेजारच्या दोन घरांना दर रविवारी पालक जात होता.

मार्चचा दुसरा आठवडा लागला आणि सगळं बिघडलं. ड्रमच्या आतून हात फिरवला की भेंडी चिरल्यावर बोटांना लागते तशी बुळबुळ लागते. वरच्या कडेला हिरवट, तळाशी करडी-तपकिरी. पंपाच्या जाळीवर तर अख्खा लोळा धरतो. झाकण उघडलं की तुंबलेल्या मोरीसारखा वास येतो. दुधासारखी पांढरी मुळं आता चहात बुडवून काढल्यासारखी दिसतात, आणि ड्रम भरलेला असूनही दुपारी बाराला लेट्यूस मान टाकतं.

दोनदा ड्रम रिकामा केला, काथ्याने घासला, उन्हात वाळवला. आठ दिवसांत पुन्हा तेच. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे १४० लिटर ओतून द्यायचं अगदी जिवावर येतं. ईसी (द्रावणातल्या क्षारांचं माप) १.८ आहे, पीएच ६.२. कुठे चुकतंय?

बाल्कनी, पुणे
हायड्रोजन पेरॉक्साइड टाका. ३ टक्केवालं असेल तर लिटरला ३ मिली. मी दर शनिवारी टाकतो. दुसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ दिसतं.

दिंडोरी पट्टा
ताई, पेरॉक्साइड वाईट नाही, पण ते दर शनिवारी टाकावं लागतं याचाच अर्थ घाण कुठून तरी रोज तयार होतेय. पेरॉक्साइड एक-दोन दिवसांत फुटून पाणी आणि ऑक्सिजन होतं, मागे काही उरत नाही. आणि मेडिकलमध्ये मिळणारं बहुतेक वेळा २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्क्यांचं असतं, तेव्हा वरचा डोस निम्मा करा. कारखान्याला लागणारं ५० टक्केवालं घरात आणूच नका, कातडी भाजते.

आधी चार गोष्टी बघून सांगा.

दुपारी चारला द्रावणाचं तापमान किती असतं? हवेचं नको, ड्रममध्ये थर्मामीटर बुडवून बघा.

रात्री दिवे बंद करून, झाकण लावून, मोबाइलचा टॉर्च ड्रमच्या आत टांगा. बाहेरून उजेड कुठे कुठे दिसतो?

एक मूळ दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ओढा. वरचं साल मोज्यासारखं निघून आत दोरा उरतो का, की नुसता रंगच बदललाय?

आणि खताच्या क्षारांशिवाय ड्रममध्ये आणखी काय काय जातं? अगदी चमचाभर असलं तरी सांगा.

सोलापूरची गच्ची
दादा, काल सगळं बघितलं.

चारला द्रावण ३५ अंश. ड्रम स्लॅबवरच आहे, दुपारी दोननंतर त्याच्यावर ऊन येतं.

टॉर्च टांगल्यावर मी बघतच राहिले. ड्रम आकाशकंदिलासारखा सगळीकडून निळा उजळला. मला वाटायचं एवढं जाड प्लास्टिक, उजेड कसला जातोय! परतीचा पाइप जिथून आत जातो तिथेही बोटभर फट आहे.

मुळं: लेट्यूसच्या पाच रोपांचं साल सरळ निघून आलं, आत केसासारखा दोरा राहिला. बेसिलची नुसती तपकिरी आहेत, साल घट्ट आहे.

आणि ड्रममध्ये काय जातं... दर पंधरा दिवसांनी एक लिटर जीवामृत, गाळून. शिवाय मुळं खराब दिसायला लागल्यावर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) गुळाच्या पाण्यात दोन दिवस मुरवून टाकला, दोनदा. मातीच्या कुंड्यांना मी वर्षानुवर्षं जीवामृत देते, लिंबाला आणि जास्वंदीला इतकं मानवतं! म्हणून इथेही चांगलंच होईल असं वाटलं.

दिंडोरी पट्टा
सापडलं, ताई. जीवामृत मातीसाठी उत्तमच आहे, माझ्या द्राक्षाला मीही देतो. पण त्यात शेण, गूळ, बेसन. मातीत ते खायला गांडुळापासून बुरशीपर्यंत सगळी पंगत बसलेली असते, आणि मातीच्या पोकळीत हवा असते. ड्रममध्ये फक्त पाणी. तिथे गूळ आणि बेसन पडलं की जिवाणू भराभर वाढतात, भिंतीला चिकट थर धरतात आणि पाण्यातला ऑक्सिजन मुळांच्या आधी तेच ओढून घेतात.

त्यात ऊन. २० अंशाच्या पाण्यात फार तर ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन लिटरला मावतो, ३० अंशाला साडेसात, ३५ ला सातच्याही खाली. पाणी तापलं की मुळांना ऑक्सिजन जास्त लागतो आणि मिळतो मात्र कमी. दुपारी लेट्यूस मान टाकतं ते यामुळेच, मूळ गुदमरलं की समोर पाणी असूनही उचलत नाही. अशा दमलेल्या मुळात पिथियम शिरतं, म्हणजे मूळ कुजवणारा बुरशीसारखा जीव. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे एका पाइपातला रोग सहाही पाइपांत फिरतो. साल निघालेली पाच रोपं आजच काढून टाका, वाचवायचा प्रयत्न करू नका.

वरच्या कडेचं हिरवं मात्र वेगळं. ते शेवाळ, ते उजेडावर वाढतं. तळाचं करडं अंधारातही वाढतं, त्याला खायला हवं. तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणून नुसतं घासून भागलं नाही. पाइपांच्या आतला थर तसाच राहिला असेल, तोच उतरून पुन्हा ड्रममध्ये आला.

आता असं करा. चांगली रोपं साध्या पाण्यात मुळं खळबळून टबात ठेवा, सावलीत, ताज्या द्रावणात. जुनं द्रावण फेकू नका, निम्मं पाणी घालून कढीपत्ता, लिंबू, जास्वंद यांना थोडं थोडं द्या. ड्रम, पंप आणि पाइप आधी ब्रशने घासा, कारण त्या थराच्या पोटात औषध शिरत नाही. पाइपासाठी लांब दांड्याचा बाटलीचा ब्रश चालतो. मग २० लिटर पाण्यात २०० मिली घरगुती ब्लीच घालून एक तास पाइपांतून फिरवा. नेटपॉटही (रोपांच्या जाळीदार कुंड्या) त्यातच भिजवा. नंतर दोनदा साध्या पाण्याने धुवा. एवढ्यासाठी १४० लिटर लागत नाही.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: पीएच उतरवायचं आम्ल आणि ब्लीच एकमेकांजवळसुद्धा आणू नका. क्लोरीन वायू निघतो. आमच्याकडे एका मुलाने एकाच बादलीत दोन्ही ओतलं होतं, दिवसभर खोकत होता. बाटल्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

उजेडासाठी ड्रमला रंग देऊ नका, त्या प्लास्टिकवरून पापुद्रे निघतात. कृषी सेवा केंद्रातून चंदेरी-काळा मल्चिंग पेपर आणा, काळी बाजू आत, चंदेरी बाहेर, दोन वेढे. झाकणाची फट कापडाने बुजवा. रिकामी भोकंही झाका, पाइपातही उजेड जातो.

कोकोपीटमध्ये रोपं करत असाल तर लावताना ते धुऊन काढा. नेटपॉटच्या फटीतून भुगा पडत राहतो, तोही खाद्यच. परतीच्या पाइपाच्या तोंडाला जुना पायमोजा बांधा आणि दर दोन दिवसांनी उलटा करून धुवा. ते तोंड पाण्याच्या वर वीतभर ठेवा, पडणाऱ्या पाण्याने हवा मिसळते. सोबत एअर पंप हवाच.

आणि ट्रायकोडर्मा की पेरॉक्साइड, एकच निवडा. दुसरं पहिल्याला मारतं.

दोहा, कतार
उन्हाबद्दल थोडं. इथे मे महिन्यात गच्चीवर टाकी ठेवायचा विचारच करता येत नाही, मी ती घरात स्टोअररूममध्ये ठेवलीये आणि पाइप फक्त वर नेलेत. बर्फाच्या बाटल्या टाकायचा सल्ला मिळेल, पण हिशोब करून बघा: दोन लिटर बर्फ १४० लिटर पाणी जेमतेम दीड अंशाने उतरवतो. रोज सहा-सात बाटल्या लागतील. सोलापूरची हवा कोरडी आहे, तुम्हाला ड्रमला गुंडाळलेलं ओलं गोणपाट जास्त उपयोगी पडेल. माझ्या रत्नागिरीच्या घरी दमट हवेत त्याचा काही फरक पडायचा नाही.

सोलापूरची गच्ची
तीन आठवड्यांनी लिहितेय.

ड्रम जिन्याच्या उत्तरेकडच्या पडवीत हलवला, खाली दोन लाकडी ओंडके. मल्चिंग पेपर, त्यावर गोणपाट, सकाळी दहा आणि दुपारी दोनला तांब्याभर पाणी मारते. चारला द्रावण आता २८ ते २९ असतं. रात्री पुन्हा टॉर्च टांगला, फक्त झाकणाच्या एका कोपऱ्यात सुईएवढा उजेड होता, तोही चिकटपट्टीने बंद केला.

ड्रमच्या आतून बोट फिरवलं तर करकरीत लागतं, धुतलेल्या ताटासारखं. पायमोज्यात मात्र दर दोन दिवसांनी चमचाभर कोकोपीट निघतं, इतकं पडत असेल असं वाटलं नव्हतं. बेसिलला नवी पांढरी मुळं फुटलीत, पहिल्या दिवशी मी ती चारचारदा उचलून बघितली.

उरलेलं लेट्यूस मात्र फुलाचा दांडा काढून कडू झालं. त्याचं काय करू?

दिंडोरी पट्टा
ते काढा, ताई. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात लेट्यूसचा हट्ट नको, मुळं कितीही चांगली असली तरी वरची हवा त्याला झेपत नाही. त्या भोकांत लाल माठ आणि अंबाडी लावून बघा. लेट्यूसचं बी फ्रिजमध्ये ठेवा, दसऱ्याच्या सुमारास टाका.

सोलापूरची गच्ची
माठाचं बी आजच भिजत घातलं.